रक्तदाबाची पैसेवारी

वऱ्हाडात जन्माला आलेल्या मनुष्याचे आयुष्य काही ठरावीक आकड्यांच्या अमलाखाली जाते, आणि त्या आकड्यांत पैसेवारीचा मान सर्वांत मोठा. पीक किती आले हे शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असले, तरी ते खरोखर किती आले, हे सप्टेंबरअखेरच्या नजरअंदाजाने, ऑक्टोबरअखेरच्या सुधारित आणि डिसेंबरअखेरच्या अंतिम पैसेवारीने सरकारदरबारी ठरते. तो आकडा ५० पैशांच्या खाली आला तर दुष्काळ, वर राहिला तर सुबत्ता. आणि ४९ व ५१ यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत जमीनमहसुलाच्या सुटीपासून मुलांच्या परीक्षा शुल्काच्या माफीपर्यंत सगळा संसार मावतो. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातील माणूस एरवी प्रत्येक गोष्टीची चढती कमान मागत असला, तरी हा एक आकडा खाली यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असतो. अलीकडे या मानाला एक वाटेकरी उत्पन्न झाला आहे, तो रक्तदाब. तोही आकडाच, तोही खाली यावा अशीच सर्वांची प्रार्थना, त्याचीही हद्द दूरच्या समित्या कायम करतात आणि त्याचेही हंगामी, सुधारित व अंतिम असे अवतार निघतात. मात्र अंतिम म्हणून जाहीर केलेला आकडा पुन्हा सुधारण्याची मोकळीक वैद्यकशास्त्राने स्वतःकडे राखून ठेविली आहे, आणि तेवढ्यापुरता महसूल खात्याचा कारभार अधिक निश्चयाचा म्हणावा लागेल.

या आकड्याचा पूर्वेतिहास मोठा रोमहर्षक आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीला नऊ फुटी काचेची नळी जोडली, तेव्हा तिचे रक्त त्या नळीत आठ फुटांहून अधिक उंच चढले, आणि हा वृत्तान्त त्याने १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. घोडीचा यावरील अभिप्राय मात्र ग्रंथात नमूद नाही. पुढे १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची सांगड घातली, १९०५ साली रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखालचे ठोके कानाने ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची युक्ती सांगितली, आणि घोडीवर आलेला प्रसंग, रक्त न सांडता, मनुष्यजातीच्या दंडावर येऊन स्थिरावला. आमच्या जिल्ह्यास वरचा आणि खालचा हा भेद नवा नव्हता. अजिंठ्याच्या डोंगररांगेने घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके अशी वाटणी पूर्वीच करून ठेविली आहे; आणि मलकापूरकडील एक गृहस्थ, आपण घाटाखाली राहत असल्यामुळे आपला खालचाच आकडा वाढणार, वरच्याची चिंता बुलढाणा-चिखलीकरांनी करावी, अशा समजुतीत कित्येक वर्षे सुखाने नांदत होते.

आकडा हाती आला, तरी हद्दीचा खांब कोठे रोवावयाचा हा प्रश्न राहिलाच. मागच्या पिढीत ‘वय अधिक शंभर’ हा सुटसुटीत हिशेब सर्वत्र चालत असे. माणूस साठीचा झाला की त्याला १६० पर्यंत मुभा, आणि सत्तरीत आणखी दहाची बढती, असा हा सेवाज्येष्ठतेचा न्याय होता. वयाबरोबर कठीण झालेल्या नळ्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी दाब वाढणे शरीराला आवश्यकच आहे, असे त्या काळचे पुष्कळ जाणते वैद्य मानीत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० भरला होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ साली १६०/९५ ही मर्यादा सांगितली, मग ती १४०/९० वर उतरली, २००३ साली अमेरिकनांनी १२० ते १३९ या पट्टीतील लोकांना रोगाच्या उंबरठ्यावर उभे केले, २०१४ साली तेथीलच एका मंडळाने साठीपुढच्यांना १५० पर्यंत सवलत दिली, आणि १३ नोव्हेंबर २०१७ रोजी तेथील हृदयवैद्यांनी खांब उपटून थेट १३०/८० वर ठोकला. त्या एका दिवसात अमेरिकेतील रक्तदाबाचे रोगी प्रौढांच्या ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. एवढा प्रचंड फेरफार, एकाही खातेदारास नोटीस न बजावता, आमच्या तलाठ्यासही साधला नसता.

आमच्या परिचयाच्या एका अव्वल कारकुनांस, जे आता सेवानिवृत्त आहेत, हा फेरफार फार लागला. त्यांचा दाब १३४/८४. वडिलांच्या हिशेबाने त्यांच्या खाती भरघोस शिल्लक होती. परंतु नव्या अमेरिकन हुकुमाप्रमाणे ते रात्री निरोगी म्हणून निजले आणि सकाळी प्रथम अवस्थेतील रोगी म्हणून उठले. त्यांनी रीतसर चौकशी आरंभिली. भारतीय वैद्यमंडळींनी २०१९ साली १४०/९० हीच हद्द कायम ठेविल्याचे कळताच ते पूर्ववत निरोगी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली औषध सुरू करण्याची सर्वसाधारण मर्यादा तीच सांगितल्यावर त्यांनी पेढे वाटले. परंतु २०२४ साली युरोपीय हृदयवैद्यांनी रोगाची व्याख्या १४०/९० वर तशीच ठेवून १२०/७० पासून पुढच्या सगळ्यांसाठी ‘उन्नत’ नावाचा एक नवा वर्ग निर्माण केला, आणि २०२५ साली अमेरिकनांनी आपला १३०/८० चा खांब जागचा हलविण्यास साफ नकार दिला. सारांश, एकाच देहात, एकाच खुर्चीवर बसून हे गृहस्थ भारतात रोगी नाहीत, युरोपात उन्नत आहेत आणि अमेरिकेत रोगी आहेत. वास्तविक वऱ्हाडच्या माणसाने याचे आश्चर्य करू नये. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो त्यांना कायमचा लावून दिला गेला, तरी कागदोपत्री मालक निजामच राहिला. नाव एकाचे आणि अंमल दुसऱ्याचा, अशा अवस्थेत आमच्या आजा-पणज्यांनी उभे आयुष्य काढले, तेथे १३४ या आकड्याने दुहेरी अमलाखाली राहण्यास हरकत ती कोणती? तरीही कारकूनसाहेबांनी डॉक्टरांस विचारलेच, “साहेब, मी नक्की कोणाच्या हद्दीत येतो?” डॉक्टर म्हणाले, “ते नंतर पाहू. आधी हा आकडा खरा आहे का, ते पाहू.”

डॉक्टरांचे म्हणणे यथार्थ होते, कारण हद्दीविषयी जगात कितीही मतभेद असले तरी मोजणीच्या रीतीविषयी फारसे नाहीत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी आणि धावपळ वर्ज्य. लघुशंका उरकून यावे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, अढी घातलेली नाही, पट्टा बाहीवर नव्हे तर उघड्या दंडावर आणि तोही दंडाच्या मापाचा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. असे पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि या अवधीत, व मोजणी चालू असताही, एक अक्षर बोलू नये. नंतर एक-दोन मिनिटांच्या अंतराने पुन्हा मोजून सरासरी काढावी, आणि पहिल्या भेटीत दोन्ही हात तपासावेत. यांतील एकही अट शोभेची नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की, हात मेजावर न टेकवता मांडीवर ठेविला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि नुसता लोंबता सोडला तर ६.५ ने अधिक भरतो. म्हणजे ज्या १३०-१४० च्या हद्दीसाठी दोन खंडांतील पंडित भांडले, तिचा बराचसा भाग आमच्या दवाखान्यातील मेजाच्या अभावी भरून निघतो.

परंतु या अटींत आमच्या लोकांस सर्वांत दुष्कर अट कोणती म्हणाल, तर ती पाच मिनिटांच्या मौनाची. आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेला मनुष्य गप्प आहे, असे दृश्य आमच्याकडे रुसवा किंवा मृत्यू यांवाचून संभवत नाही, त्यामुळे कोणी खरोखरच वैद्यकीय कारणास्तव तोंड मिटले, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून “काय झालं बाप्पा, तब्येत बरी नाई काय?” असे विचारतो, आणि तब्येतीचा खुलासा करता करता तब्येत मोजण्याची वेळ येते. त्यात कोणी सोयाबीनच्या भावाचा विषय काढला, म्हणजे पट्ट्याने टिपलेला दाब त्या रुग्णाचा समजावा की खामगावच्या बाजार समितीचा, हा पेच परिचारिकेस पडतो. याखेरीज काहींचा दाब केवळ पांढरा कोट पाहून चढतो, तर काहींचा दवाखान्यात सोवळ्याने राहून घरी पोहोचताच उसळतो. यासाठी अलीकडच्या सर्व मार्गदर्शिका घरच्या घरी सकाळ-संध्याकाळ मोजणी करण्याचा आग्रह धरतात, आणि तेथली हद्द बहुतेक ठिकाणी १४०/९० ऐवजी १३५/८५ धरतात.

कारकूनसाहेबांनी यंत्र आणले. पहिल्या आठवड्यात ते सार्वजनिक झाले. आळीतील प्रत्येकाने त्यात दंड घालून पाहिला, आणि ज्याचा आकडा मोठा त्यास ओट्यावर पुढची जागा मिळू लागली. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी नोंदवही उघडली आणि तिच्यात ‘शेरा’ नावाचा रकाना आखला, ज्यात “वीजबिल आले, सबब वाढ”, “व्याही मुक्कामास, सबब वाढ कायम”, “एकादशी, तथापि साबुदाण्यात मीठ, सबब घट नाही” अशी मार्मिक टिपणे आढळतात. महिनाअखेर त्यांनी मोठे मोठे आकडे अपवादात्मक परिस्थिती म्हणून वगळले आणि उरलेल्यांची सरासरी काढली, ती १२९ आली. डॉक्टरांनी वगळलेले आकडे पुन्हा धरले, तेव्हा ती १३६ झाली. पंचनामा करणाऱ्यानेच पीकही पेरलेले असले, म्हणजे एवढा फरक पडावयाचाच.

या रोगाचे खरे दुर्दैव मात्र आकड्यात नाही. ते असे की, याला तक्रार नाही. आमच्या जिल्ह्यातील समग्र व्यवहार अर्जावर चालतो. अर्ज नाही तर आवक क्रमांक नाही, आवक क्रमांक नाही तर दप्तर नाही, आणि दप्तर नाही तर ती बाब अस्तित्वातच नाही, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची दीक्षा असता, जो विकार वर्षानुवर्षे डोके न दुखविता, अंग न तापविता, हृदय, मेंदू, डोळे आणि मूत्रपिंडे यांची मोडतोड बिनबोभाट करीत राहतो, त्याची दखल कोणी आणि कोणत्या कलमाखाली घ्यावी? तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करण्याच्या सरकारी योजनेप्रमाणे आमच्या आशाताई घरोघर जातात, तेव्हा एका वृद्धांशी झालेला त्यांचा संवाद या बाबतीत पुरेसा बोलका आहे. “आबा, गोळ्या संपल्या असतीन नं? न्यायले काऊन आले नाई?” “मले काई होतच नाई, तं गोळी कायले घेऊ?” “काई होऊ नये म्हणूनच गोळी हाय, आबा.” “मंग होईन तवा घेईन.” या युक्तिवादात तर्कदोष काढणे कठीण आहे, फक्त ‘होणे’ याचा अर्थ येथे अर्धांगवायू असा आहे, आणि तो झाल्यावर आबांना केंद्रापर्यंत स्वतःच्या पायांनी येता येणार नाही, एवढेच त्यात सांगावयाचे राहून गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८.८ कोटी भारतीयांना हा विकार आहे. आणि वैद्यांमध्ये एक जुना ‘निम्म्यांचा नियम’ सांगतात की, ज्यांना रोग आहे त्यांतील निम्म्यांना तो ठाऊक असतो, ठाऊक असलेल्यांतील निम्मे औषध घेतात, आणि घेणाऱ्यांतील निम्म्यांचाच दाब आटोक्यात राहतो. तिसऱ्या निम्म्यांत बसण्यासाठी आमच्या लोकांत कधी चढाओढ झालेली ऐकिवात नाही.

गंमत अशी की, रोगाला तक्रार नसली तरी औषधाला असते. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम आरंभिला, त्याचे मर्म हेच की औषधांचा क्रम ठरलेला असावा, गोळ्या एकदम महिन्याच्या द्याव्यात आणि न आलेल्या रुग्णाचा शोध घ्यावा. या क्रमात पुष्कळ ठिकाणी पहिला मान अ‍ॅम्लोडिपिनच्या पाच मिलिग्रॅमच्या गोळीला असतो. आता या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते, आणि लोकन्यायालयात निकाल तत्काळ लागतो, तो असा की रोगाने काही केले नाही आणि औषधाने पाय सुजविले, सबब दोषी औषध. डॉक्टरांस सांगितल्यास मात्रा बदलता येते किंवा दुसरे औषध देता येते. परंतु त्यांस न सांगता गोळी बंद करणे हा आमच्याकडे स्वाभिमानाचा भाग मानला जातो. दुसरा वर्ग दाब १२८ वर आला की गोळी थांबवितो. दावा जिंकला, आता पुढची तारीख कशाला, असा त्यांचा बिनतोड सवाल असतो, आणि दाब खाली आहे तो गोळी चालू आहे म्हणून, हा खुलासा त्यांस वकिली कावा वाटतो.

तिसरा वर्ग ‘विलायती’ गोळीचा तिरस्कार करून आठवडी बाजारातील मुळीवर विश्वास ठेवितो. या मंडळींस इतिहास अनुकूल आहे, पण पुरतेपणी नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाचा ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटनमधील एका हृदयवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या भारतीय वनस्पतीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. तेव्हा रक्तदाबाची गोळी परदेशातून आली म्हणणाऱ्याने, जगाच्या हाती पहिल्यावहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक आमच्याच मुंबईच्या मार्गाने पडले, हे ध्यानी ठेवावे. आणि मुळीचा अभिमान बाळगणाऱ्याने, अधिक मात्रेत त्याच औषधाने दाबाबरोबर कित्येकांचे मनही खचू लागल्यामुळे वैद्यांनी ते मागे सारले, हेही विसरू नये.

आता मिठाकडे वळणे प्राप्त आहे, आणि येथे बुलढाणा जिल्ह्याची कैफियत विशेष सहानुभूतीने ऐकावी लागेल. ज्या जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आहे, ज्याच्या क्षारांतून काच आणि साबण यांसाठी लागणारे द्रव्य निघते अशी नोंद अकबराच्या अबुल फजलने करून ठेविली. ज्याच्या उत्तर भागात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूस, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहीर खणावी तर पाणीच खारट लागते. आणि ज्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील दहीहंड्यास, समुद्र शेकडो मैल दूर असता, अशाच खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढून १९३० साली वऱ्हाडने मिठाचा कायदा मोडला. त्या मुलखातील मनुष्यास दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, मीठ घ्या असे सांगणे म्हणजे आजोबांनी केलेल्या सत्याग्रहाचे व्याज नातवाकडून वसूल करण्यापैकी आहे. भारतीय मनुष्य याच्या किमान दीडपट मीठ सहज खातो. शिवाय आमच्या घरांतील मिठाचा हिशेब फक्त भाजीपुरता असतो. ठेचा, लोणचे, पापड, सांडगे आणि शेगावची कचोरी ही तोंडी लावण्याची किंवा येता-जाता खाण्याची सदरे असल्यामुळे ती जमाखर्चात धरीत नाहीत. कित्येक घरांत डॉक्टरांच्या सांगण्यावरून साधे मीठ बंद करून सैंधव सुरू करतात आणि मग ते दुपटीने घालतात, जणू हिमालयाच्या बाजूने आलेल्या सोडियमला पथ्यापथ्याचा विवेक असतो.

यावर एक तोडगा निघाला आहे. सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठ चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर अजमावण्यात आले, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्याने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली. मात्र ज्यांची मूत्रपिंडे दुर्बळ आहेत, किंवा ज्यांना टेल्मिसार्टनसारख्या पोटॅशियम वाढविणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात हेच पोटॅशियम साचून हृदयावर बेतू शकते. आणि खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची ओरड तर जुनीच आहे. सबब हा तोडगाही वैद्याच्या सल्ल्याखेरीज अमलात आणू नये. हे ऐकून कारकूनसाहेबांस गहिवरून आले. मीठ खाण्यासही परवानगी घ्यावी लागते, हे कळल्यावर त्यांस आपण पुन्हा नोकरीत असल्यासारखे वाटले.

पैसेवारी आणि रक्तदाब यांचे साम्य येथे संपते. पन्नास पैशांच्या अलीकडे सवलत आणि पलीकडे वसुली असते. तेथे रेषेला खरोखर सत्ता आहे. दाबाचे तसे नाही. दहा लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मध्यम वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने व हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो, आणि या सबंध चढावर कोठेही असा खांब नाही की ज्याच्या अलीकडे अभय आणि पलीकडे अनर्थ. समित्यांनी खांब रोवला तो औषध कोणाला द्यावे, खर्च कोणावर करावा, हे ठरविण्याच्या सोयीसाठी. दाब कोणत्या समितीचे टिपण वाचून कामास लागत नाही.

आणि नीट पाहिले तर समित्यांचे भांडणही वाटते तेवढे मोठे नाही. योग्य रीतीने पुनःपुन्हा मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर औषध घ्यावे, हे अमेरिका, युरोप आणि भारत यांस एकमुखाने मान्य आहे. हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर १३० पासूनच सावध व्हावे, याविषयीही बहुतेकांचे एकमत आहे. आणि ज्यांस दुसरा काही धोका नाही अशा १३०-१३९ वाल्यांस अमेरिकन मंडळीसुद्धा आधी तीन ते सहा महिने मीठ, वजन, मद्य आणि चालणे यांवरच परीक्षा देण्यास सांगतात. म्हणजे तंटा आहे तो या दहा आकड्यांत कोणाला आणि केव्हा गोळी द्यावी, एवढ्याचाच. मीठ कमी करावे, आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे भरभर चालावे, तंबाखू सोडावी, गोळी सुरू झाल्यास रोज घ्यावी आणि मोजताना गप्प बसावे, या बाबतींत जगातील एकाही वैद्याचा एकाही वैद्याशी वाद नाही. तरीही आमच्या पारावर, कचेरीच्या आवारात आणि राजूर घाट चढणाऱ्या एसटीत जी तावातावाने चर्चा चालते, ती नेहमी त्या दहा आकड्यांचीच असते. कारण त्या चर्चेसाठी मीठ सोडावे लागत नाही, गोळी गिळावी लागत नाही, आणि पाच मिनिटे गप्प बसण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही.